मानवशास्त्र शिकायला निघालेल्या भाचीस

महाड



पुण्याला एम.ए.साठी मानवशास्त्र घेतलंस, हे तुझ्या आईने फोनवर जरा दबकतच सांगितलं. 'त्यात नोकरी लागते का रे दादा?' हा तिचा प्रश्न. सहजासहजी लागत नाही. नेट-सेट, पीएचडी आणि मग तासिका तत्त्वावरची वर्षं, हे सगळं धरूनच चाल. मी तुला परत बोलवणार नाही.

पहिल्याच वर्षी इरावतीबाई कर्वे नीट वाच. 'युगान्त'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार, म्हणून लोक तेवढंच वाचून थांबतात. मला त्यांचं बर्लिन जास्त मोलाचं वाटतं. तिथे ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. युरोपीय माणसाच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकात दिसेल, असं या गृहस्थांचं गृहीतक. बाईंनी देशोदेशीच्या कवट्या मोजल्या, तसं काही निघेना, आणि निघेना तसंच प्रबंधात लिहिलं. परका मुलूख आणि पदवी गुरूच्या हातात, तरीही! त्याआधी मुंबईला घुर्ये त्यांचे गुरू. पुढे जातीच्या प्रश्नावर बाईंचं त्यांच्याशीही पटलं नाही. एका मूळ जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हे बाईंना मान्य नव्हतं. महाराष्ट्रातले सगळे कुंभार नावाने एक, पण सोयरिकी आपापल्या गटातच. म्हणजे मुळात वेगळे गट एका नावाखाली आले, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून सांगतो, पोलादपूरची मुलगी आहेस म्हणून गाव तुला ठाऊक आहे असं धरून चालू नकोस. 'कुणबी', 'धनगर' एवढं लिहून मोकळी होऊ नकोस. मुली कुठल्या वाडीत देतात, कुठे देत नाहीत, ते विचार. माथ्यावर म्हशी राखणारे गवळी-धनगर आणि खाली खोऱ्यात शेती करणारे कुणबी यांची डोंगरातली वाटणी कशी बसली, यावर माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1982 मध्ये लिहिलंय. तेही मिळव.

आणि महाडचं म्हणशील, तर चवदार तळ्याच्या 1927 च्या सत्याग्रहाआधी 11 वर्षं बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात जातीवर निबंध वाचला होता. जातीबाहेर लग्न न करणं हेच जातीचं मर्म, हा त्याचा गाभा. तुझा विषय आपल्या गावाला परका नाही, एवढं आईला सांग.

आता कामाचं. आंबेनळी घाट चढून गेलं की पलीकडे कोयनेचं खोरं. धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी इरावतीबाईंनी जाई निंबकरांबरोबर केली; जाई म्हणजे त्यांचीच लेक. 1969 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. दुसऱ्या वर्षी बाई गेल्या. नाव झालेलं, वय साठीपलीकडे, आणि काम कशाचं, तर उठवलेल्या माणसांचं काय झालं ते विचारत फिरण्याचं.

तसं काम आज इथे पडलंय. 22 जुलै 2021 च्या दरडींनी आपल्याकडे तळिये गेलं, तुमच्याकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडी. घरं किती बांधली हे सरकारी कागदात मिळेल. पण एका छपराखाली तीन चुली असतील तर कुटुंब एक धरायचं की तीन? मुंबईत कामाला असलेल्या भावाचं नाव यादीत येतं का? नवं घर मिळालं, पण म्हशीचा गोठा कुठे, परडं कुठे, शेजारी जुनाच की चिठ्ठीने आलेला? हे कागदावर नसतं, ओटीवर बसून कळतं. मात्र ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे पहिल्या दिवशी वही काढू नकोस. लिहून झालं की मराठीत करून त्यांना वाचून दाखव. ते चूक काढतील, ती दुरुस्त कर.

शिमग्याला सुट्टी काढून ये. मुंबईकर सगळे गावात असतात, पालखी दारोदार फिरते, मानपानावरून भांडणंही होतात. भाडं मी देतो.

तुझा,
मामा