दोष कोणत्या कडीचा?

आपल्या भाषेत साखळीला चांगले दिवस कधी आलेच नाहीत. कैद्याच्या पायांत ती असते, कुत्र्याच्या गळ्यात ती असते. अडवणे आणि बांधून ठेवणे हीच तिची कामे, असा आपला समज. परंतु स्वतः फिरून दुसऱ्याला फिरवणारीही एक साखळी असते. ती मी गेल्या उन्हाळ्यात जवळून पाहिली, आणि तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही : एखादी गोष्ट बिघडली, पण ती कुणा एकामुळे बिघडलेली नसली, तर जबाबदार कुणाला धरायचे?

माझ्या धाकट्या भावाकडे 1978 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आम्ही तिला अजून फियाटच म्हणतो. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये जी कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. तिच्या काळ्या-पिवळ्या बहिणी 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेल्या. ही मात्र अजून आमच्या अंगणात आहे. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवले की पुढून खडखड ऐकू येई, आणि चढावर तिला दम लागे. भावाने प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, आणि अखेर म्हणाला, "दादा, टायमिंग चेन सैल झालीय. उघडावंच लागेल."

पिस्टनांच्या धक्क्याने फिरतो तो क्रँक, आणि योग्य क्षणी व्हॉल्व्ह उघडतो तो कॅम. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एकच व्हायला हवा. म्हणून कॅमच्या चाकाला दुप्पट दाते असतात. दोघांना जोडते ती ही साखळी. क्रँक मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. एवढ्या घाईत सगळ्यांनी वेळ पाळायची, ती या एका साखळीच्या भरवशावर.

भावाने बॅटरीची तार सोडली, पाणी काढले, रेडिएटर उतरवला, पट्टा आणि पुली काढली, आणि पुढचे झाकण उघडले. मी पाने हातात देण्याचे काम करीत होतो. साखळी बाहेर आली तेव्हा मी ती निरखून पाहिली. एकही कडी तुटलेली नव्हती, वाकलेली नव्हती. मी म्हणालो, "ही तर चांगली दिसते."

"एकेक कडी चांगलीच आहे," तो म्हणाला, "सगळी मिळून लांब झालीय."

साखळी जुनी झाली की ताणली जाते, असे म्हणतात. पण पोलाद काही रबरासारखे ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी एकमेकींवर घासून झिजतात. समजा, साठ सांधे आहेत आणि प्रत्येकात मिलिमीटरचा विसावा हिस्सा झीज झाली. ती केसाच्या जाडीएवढीच. साठांची बेरीज मात्र 3 मिलिमीटर होते! तेवढ्यात कॅम मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, आणि चढावर गाडी रडू लागते. आता कोणत्याही कडीला पकडून विचारा, ती म्हणेल, "माझा दोष केसाएवढा." आणि ते खोटे नसेल.

हे ऐकताना मला सातवीत माझ्या वर्गात आलेला एक मुलगा आठवत होता. त्याला वाचता येत नव्हते. पहिलीत तो महिनाभर तापाने आजारी होता. दुसरीत बाई रजेवर गेल्या. चौथीत तो आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. पुढे त्याने पाठांतरावर निभावून नेले. कुणीही त्याचे वाईट चिंतले नव्हते. प्रत्येकाला वाटले, पुढच्या वर्षी येईल. मी त्याला धडा वाचायला सांगितला तेव्हा तो उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, मला आतापर्यंत कुणी वाचायला सांगितलंच नाही."

अशा वेळी आपण दोनपैकी एक करतो. जो शेवटी हाताशी सापडेल त्याच्या माथी सारे मारतो, नाहीतर "कुणाचाच दोष नाही" म्हणून हात झटकतो. पहिल्यात अन्याय आहे. पण दुसरे मला अधिक वाईट वाटते. कारण दोष वाटून घेतला की इतका हलका होतो की कुणालाच जाणवत नाही. त्या मुलाचे न वाचता येणे मात्र वाटले जात नाही. ते अख्खेच्या अख्खे त्याच्याच वाट्याला येते.

मग करावे काय? भावाच्या आधी ती गाडी दोन मालकांनी चालवली होती. झीज बरीचशी त्यांच्या काळातली. हात काळे झाले ते याचे. "तुलाच का हा भुर्दंड?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "आवाज मला येतोय ना!"

मला वाटते, उत्तर याच्या आसपास कुठेतरी आहे. दोष कुणाचा हे शोधणे आणि जबाबदारी घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. ज्याला खडखड ऐकू आली, त्याने झाकण उघडावे. यात न्याय नाही, हे मला मान्य आहे; पण झिजेचा हिशेब पुरा होईपर्यंत थांबायचे, तर ना गाडी चढ चढणार, ना मुलगा वाचणार.

खुणेसमोर खूण आणून नवी साखळी चढवल्यावर भावाने लगेच चावी फिरवली नाही. पाना लावून त्याने क्रँकचे दोन पुरे फेरे हाताने, सावकाश फिरवले, आणि खुणा पुन्हा समोरासमोर आल्या तेव्हाच झाकण बसवले. चूक असेल तर ती हाताला जाणवावी. इंजिनाच्या जोरात कळली तर फार उशीर झालेला असतो. त्या मुलाबरोबरही मी शाळेआधी रोज अर्धा तास बारखडीपासूनच बसलो. वर्षअखेर तो एसटीच्या पाट्या वाचू लागला, अडखळत. धडा अजून जड जाई.

दिवाळीच्या या दिवसांत घरोघरी माणसे जमतात, आणि कुठे कुठे एखादा पाट रिकामाही राहतो. विचारले तर भांडण असे काही झालेलेच नसते. एका वर्षी पत्राला उत्तर गेले नाही, एका वर्षी बारशाला जाणे जमले नाही, एका भाऊबीजेला "यंदा नको, पुढच्या वर्षी येऊ" झाले. केसाकेसाने बहीणभाऊ लांब गेले. तिथे दोष कोणत्या कडीचा, हे शोधून सापडणार नाही. घरात तो रिकामा पाट ज्याला पहिल्यांदा दिसेल, त्यानेच उठून एसटी पकडावी.