कुरकुरणारा दिवा

नारायणगावच्या बाजारातून वाशीला टोमॅटो नेणारा एक टेम्पोवाला होता. गाडी जुनी, डिझेलची, पण इंजिन ठणठणीत. कटकट एकच. पाऊस लागला आणि हेडलाइट, वायपर एकदम चालू केले, की डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा मिणमिणायला लागायचा.

"उस्ताद, डायनेमोचा पट्टा ढिला झालाय, घसरतोय," गाडीवरचा क्लीनर पोरगा म्हणाला.

"बॅटरी नवी आहे. त्या दिव्यालाच खोड आहे," टेम्पोवाल्यानं उडवून लावलं. दुसऱ्या दिवशी पोरानं पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा तो खेकसला, "तू क्रेट मोज. गाडीचं मी बघतो."

त्याच संध्याकाळी त्यानं डॅशबोर्डमागे हात घालून दिव्याचा बल्बच उपटला आणि खिशात टाकला. "आता कर म्हणावं कुरकुर!"

इकडे माल भरला जात असताना पोरानं गुपचूप पाना घेतला आणि पट्टा ताणून घट्ट केला.

गाडी निघाली. ओतूर मागे पडलं. हेडलाइट हळूहळू पिवळे पडू लागले. पोराच्या लक्षात आलं, शब्द ओठांपर्यंत आले, पण तो गप्प बसला. माळशेज घाटाच्या तोंडाशी वायपर काचेवर अर्ध्यातच थांबले आणि पुढचा रस्ता दिसेनासा झाला. जुन्या डिझेल इंजिनाला चालत राहायला वीज लागत नाही, त्यामुळे ते धडधडत होतं. पण धुक्यापावसात आंधळी गाडी घाट उतरवायची कशी? बंद केली तर सेल्फ लागणार नाही, म्हणून इंजिन तसंच चालू ठेवून दोघं उजाडेपर्यंत कडेला बसले. वाशीचा पहाटेचा बाजार हुकला.

सकाळी मुरबाडला एका म्हाताऱ्या वायरमनकडे गाडी लावली. त्यानं बॅटरीला मीटर लावला. "इंजिन चालू असताना इथं 14 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. तुझे 11 सुद्धा भरत नाहीत. किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागतो का?"

टेम्पोवाल्यानं खिशातून बल्ब काढून पुढे धरला.

म्हातारा हसला. "अरे, हा बॅटरी आणि डायनेमोच्या मधे बसतो. किल्ली फिरवली, की बॅटरीतला थोडा करंट याच्यातून डायनेमोच्या गुंडाळीत जातो आणि तिचं चुंबक बनतं. म्हणून दिवा पेटतो. डायनेमो स्वतः वीज करायला लागला, की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखे व्होल्ट येतात. पारडी सारखी झाली की तराजू हलायचा थांबतो, तसा करंट थांबतो आणि दिवा विझतो. पट्टा घसरला, की डायनेमोचं पारडं हलकं पडतं आणि दिवा पुन्हा मिणमिणतो. बॅटरी खराब आहे असं तो म्हणत नाही, बॅटरी भरली जात नाही असं म्हणतो. आणि तुझ्या या गाडीत डायनेमोला जागं करणाराही तोच! तू त्यालाच काढलंस. मग पट्टा एवढा घट्ट असूनही डायनेमो रात्रभर नुसताच फिरला."

"घट्ट? पट्टा तर ढिला होता."

"कालच कोणीतरी ताणलाय."

टेम्पोवाल्यानं पोराकडे पाहिलं. "तू ताणलास? मग हेडलाइट पिवळे पडताना बोलला का नाहीस?"

"क्रेट मोजत होतो, उस्ताद."

टेम्पोवाल्याला उत्तर सुचलं नाही. म्हाताऱ्यानं बल्ब जागेवर बसवला आणि दुसरी बॅटरी जोडून किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. इंजिन चालू झालं आणि दिवा विझला. मीटरचा काटा 14 वर गेला. नवा डायनेमो लागला नाही, नवी बॅटरीही लागली नाही.

"किल्ली फिरवल्यावर हा लागला नाही, तर गाडी हलवू नकोस," म्हातारा म्हणाला. "बरं असल्यावर गप्प बसणं वेगळं आणि बोलताच येत नाही म्हणून गप्प बसणं वेगळं."

तात्पर्य : तक्रार मिटवावी, तक्रार करणारा नव्हे. दोष दाखवणाऱ्याचं तोंड बंद केलं, तर दोष दुरुस्त झाला तरी काम चालत नाही. कारण पुष्कळदा कामाला जाग आणणाराही तोच असतो.