तितिक्षेचा अधिकार आणि करुणेचे कर्तव्य

वेण्णा नदीच्या काठी वसलेले मेढा हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असून, चैत्र-वैशाखात या खोऱ्यातील गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबे मुलाबाळांसह गावी परततात. शाळेची सुट्टी, ग्रामदैवताची पालखी आणि महाबळेश्वर-पाचगणीची सहल यांचा मेळ याच दिवसांत बसतो. बहुतेक मुलांसाठी हा वर्षातला सर्वांत आनंदाचा काळ असतो. परंतु ज्या मुलांची इंद्रिये आवाज, प्रकाश, वास आणि स्पर्श वेगळ्या तीव्रतेने ग्रहण करतात, त्यांना हेच दिवस असह्य होऊ शकतात. अशा मुलाला जत्रेत, देवळात किंवा सहलीला न्यावे काय आणि न्यायचे तर कसे, हा प्रश्न वरकरणी घरगुती नियोजनाचा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र धर्मविचारातील एक जुना प्रश्न आहे: इंद्रियांना होणारे दुःख सहन करणे हा सद्गुण मानला, तर त्या सहनशीलतेची अपेक्षा कोणी कोणाकडून करावी?

प्रश्न नीट समजण्यासाठी आधी या वेगळेपणाचे स्वरूप पाहिले पाहिजे. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशी मांडणी केली की, निरनिराळ्या इंद्रियांकडून आलेल्या संवेदना एकत्र जुळवून त्यांचा अर्थ लावणे हे मेंदूचे काम असून, काही मुलांमध्ये ही जुळणी वेगळ्या रीतीने होते. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांच्या जोडीला त्यांनी आणखी दोन संवेदनांकडे लक्ष वेधले: तोल सांभाळणारी आतल्या कानातील संवेदना आणि स्नायू-सांध्यांतून शरीराच्या स्थितीचे भान देणारी संवेदना. स्वमग्नतेच्या, म्हणजेच ऑटिझमच्या, निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी निकषांमध्ये संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद २०१३ साली स्पष्टपणे समाविष्ट झाला. भारतीय दर्शनांपैकी न्यायदर्शनाने मनाला अणुरूप मानले आणि एका क्षणी मन एकाच इंद्रियाशी जोडले जात असल्यामुळे अनेक ज्ञाने एकाच वेळी होत नाहीत, असे प्रतिपादन केले. हे प्रतिपादन शरीरशास्त्र म्हणून आज स्वीकारण्याचे कारण नाही. तथापि जाणिवेच्या दाराशी कोणीतरी निवड करीत असतो आणि त्या निवडीवरच माणसाची स्वस्थता अवलंबून असते, ही त्यामागची जाण येथे उपयोगी पडते. इतरांच्या बाबतीत ही निवड नकळत होते, तर या मुलांच्या बाबतीत अनेकदा सर्व संवेदना सारख्याच जोराने आत घुसतात.

एखाद्या दगडी देवळाचा गाभारा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. उन्हाने तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी पाय भाजतात. आत शिरताच डोळ्यांपुढे एकदम अंधार येतो. कापूर, उदबत्ती, तेल आणि कोमेजलेली फुले यांचा मिसळलेला वास कोंदट हवेत साचून राहिलेला असतो. डोक्यावरची घंटा कोणीतरी अचानक वाजवतो आणि तिचा नाद चारही भिंतींवरून परत येतो. मागची रांग पाठीला रेटत असते, आणि एवढ्यात अनोळखी बोट कपाळावर ओले गंध टेकवते. भाविकाचे मन या सर्वांतून एकच अर्थ काढते, आणि तो अर्थ म्हणजे दर्शन. ज्या मुलाला हा अर्थ गवसत नाही, त्याच्या वाट्याला अर्थाविना नुसता मारा येतो, आणि ते कान झाकून, ओरडून किंवा जमिनीवर लोळण घेऊन आपला बचाव करते. त्या वर्तनाला हट्ट किंवा वाईट वळण म्हणणे हा निदानाचा दोष आहेच, त्याबरोबर तो न्यायाचाही दोष आहे.

अशा वेळी वडीलधाऱ्या मंडळींकडून हमखास मिळणारा उपदेश म्हणजे थोडे सोसायला शिकवा. या उपदेशाला शास्त्राचा आधार आहे असे वाटू शकते, कारण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांशी होणारे इंद्रियांचे संपर्क शीत-उष्ण आणि सुख-दुःख देणारे असल्याचे सांगून अर्जुनाला ते सहन करण्यास सांगितले आहे, आणि शांकर वेदान्ताने तितिक्षा, म्हणजे प्रतिकार व विलाप न करता दुःख सोसणे, ही साधकाच्या सहा संपत्तींमध्ये गणली आहे. परंतु हा आधार तपासून पाहिला तर तो उपदेशाच्या विरुद्ध बाजूस झुकतो. वेदान्ताच्या साधनचतुष्टयात विवेक आणि वैराग्य यांचा उल्लेख तितिक्षेच्या आधी येतो, म्हणजे नित्य-अनित्याचा विचार ज्याने स्वतः केला आहे, त्यानेच ती अंगीकारायची आहे. ती स्वतःवर घालून घेतलेली शिस्त आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून त्याला तितिक्षा शिकवणारा माणूस स्वतः काहीच सोसत नसतो, आणि सोसणाऱ्याच्या संमतीवाचून लादलेले सोसणे हे साधना न राहता छळ ठरते.

गीतेतील त्याच उपदेशाचा आणखी एक पैलू या मुलांच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. तेथे सोसण्यास सांगताना कारणही दिलेले आहे: हे संपर्क येणारे आणि जाणारे आहेत, म्हणून ते सहन करता येतात. दुःख संपणार आहे हे ज्ञान हीच सोसण्याची शक्ती होय. घंटेचा नाद क्षणभरात विरेल, पालखी कोपऱ्यावरून पुढे जाईल, हे मोठ्यांना ठाऊक असते. संवेदनांच्या लोंढ्यात सापडलेल्या मुलाला मात्र त्या क्षणाचा शेवट दिसत नाही. विशेष शिक्षक जी चित्रांची दिनदर्शिका वापरतात, तिचा तात्त्विक अर्थ येथे उलगडतो. आधी गाडी, मग देऊळ, मग नदी, मग घर, अशी क्रमाने लावलेली चार चित्रे, किंवा एखाद्या ठिकाणी किती वेळ थांबायचे ते दाखवणारे वाळूचे घड्याळ, ही अनित्यतेचे ज्ञान मुलाच्या हाती देणारी साधने आहेत. जे ज्ञान विवेकी साधक अंतर्यामी मिळवतो, ते मुलाला बाहेरून पुरवणे हे पालकाचे काम आहे, आणि ते पुरवल्याशिवाय धीराची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

प्रत्याहाराबाबतही हाच विवेक लागू पडतो. पातंजल योगातील प्रत्याहार म्हणजे इंद्रियांना विषयांपासून मागे वळवणे, आणि गीतेने त्यासाठी अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाचा दाखला दिला आहे. कान झाकून बसलेले मूल बाहेरून तसेच दिसले, तरी त्याचे मिटणे भीतीचे असते. योगशास्त्राने या क्रियेला अनुकूल देश, स्थिर आसन आणि शांतता यांची जोड दिली आहे. मग ज्याच्यावर मिटून घेण्याची वेळ परिस्थितीने आणली आहे, त्याच्यासाठी शांत जागेची सोय अधिक अगत्याने केली पाहिजे, हे ओघानेच येते.

दुसऱ्याच्या दुःखाविषयी कोणती वृत्ती ठेवावी, याचे उत्तर योगसूत्रांनी आणि बौद्ध विचारानेही दिले आहे: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, आणि इतरांच्या चांगुलपणात व आनंदात प्रसन्न होणे ही मुदिता. तितिक्षा स्वतःसाठी आणि करुणा दुसऱ्यासाठी, ही वाटणी एकदा मान्य केली की सहलीचे नियोजन हा धर्माचरणाचाच भाग होतो, कारण करुणा तपशिलात उतरल्याशिवाय कोणाच्याही उपयोगी पडत नाही. मेढ्याच्या परिसरात हा तपशील सहज सांगता येतो. मे महिन्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गाड्यांचे हॉर्न, घोडे, तळणाचे वास आणि विक्रेत्यांचा गलका असतो. बामणोलीहून शिवसागर जलाशयात जाणाऱ्या लाँचच्या इंजिनाची धडधड अंगात भिनते. कासचे पठार त्या दिवसांत कोरडे असते आणि उघड्या जांभ्या कातळावर दुपारी सावली मिळत नाही. याउलट सूर्योदयाच्या सुमारास नदीकाठ किंवा कण्हेर धरणाच्या जलाशयाचा परिसर शांत असतो. तेथे सवयीचा डबा, टोपी, कानांवर लावायचे आवाजरोधक आणि अंगावर घ्यायला घरचीच जड गोधडी बरोबर असावी. जागेची छायाचित्रे आदल्या दिवशी दाखवलेली असावीत. आणि परतीची वाट व वेळ आधीच ठरलेली असावी. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि ती न सांगता निघून जातात. त्यामुळे जलाशयाजवळ एका मोठ्या माणसाने दुसरे कोणतेही काम अंगावर न घेता त्या मुलावरच लक्ष ठेवले पाहिजे.

मुदितेची कसोटी याच्या पुढची आहे. उतारावरच्या जाळीत पिकलेली करवंदे खायला सर्व मुले धावत असताना, चिकाने बोटे चिकट होतात म्हणून एखादे मूल हात मागे घेते आणि पुढे क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणाऱ्या धारेकडे टक लावून उभे राहते. ठरलेले पॉइंट पाहायचे राहून गेले तरी त्या मुलाची सहल सफल झाली, असे ज्याला मनापासून वाटेल, त्याला मुदिता साधली. मुलाला मिळालेला आनंद इतरांसारखा दिसला पाहिजे, हा आग्रह पालकांच्या मनात बहुधा समाजाच्या नजरेमुळे येतो, आणि तो सोडणे हीच पालकांची खरी तितिक्षा होय.

कुटुंबाच्या पलीकडे समाजाचे कर्तव्य उरतेच. पंढरपुरात गाभाऱ्यापर्यंत पोहोचू न शकणारा वारकरी कळसाचे दर्शन घेऊन समाधान मानतो, आणि भक्तीला गर्दीची अट नाही हे या प्रथेने मान्य केले आहे. परंतु त्याच मंदिराच्या महाद्वारापाशी अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्याची समाधी आहे, आणि ते मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. स्वेच्छेने घेतलेले कळसदर्शन भक्ती असते, तर आत जाण्याची वाटच नसल्यामुळे घ्यावे लागलेले कळसदर्शन वंचना असते. घंटा न वाजवता, आरतीची वेळ टाळून, रांगेशिवाय दर्शनाची एक वेळ राखून ठेवणे, किंवा जत्रेत ध्वनिवर्धकापासून दूर एक सावलीची जागा ठेवणे, याने कोणाची परंपरा मोडत नाही. ढोल आणि हलगी आपल्या जागी राहतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने स्वमग्नतेसह २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता देऊन सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांतील सहभाग हा हक्क मानला आहे, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. धर्माने जे करुणेपोटी करायचे, तेच कायद्याने हक्क म्हणून सांगितले आहे.

या वाटेवर दोन समजुती आड येतात. पहिली म्हणजे मुलाचे वेगळेपण पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानणे. कर्मसिद्धान्त मानणाऱ्यालाही दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब ठेवण्याचा अधिकार त्या सिद्धान्ताने दिलेला नाही. समोरच्या दुःखात आपण काय केले, एवढेच प्रत्येकाच्या स्वतःच्या कर्मात जमा होते. दुसरी समजूत मुलाला देवाचा अंश ठरवून त्याच्या गरजा विसरण्याची आहे. महानुभाव परंपरेतील ऋद्धिपूरचे श्रीगोविंदप्रभू लोकरीतीबाहेरचे वागत, आणि म्हाइंभटांनी संकलित केलेल्या त्यांच्या लीळांमध्ये गावाने हे वागणे सामावून घेतल्याचे चित्र दिसते. त्यातून घ्यायचा बोध असा की, समजत नसलेल्या वागण्यासाठीही गावात जागा असू शकते. परंतु ही जागा मिळण्यासाठी अवतार असण्याची अट घालता येणार नाही.

सर्व त्रास टाळल्यास मूल जगाला तोंड द्यायला कधीच शिकणार नाही, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. अभ्यासाने सहनशक्ती वाढते हे योगशास्त्रही मानते. परंतु अभ्यास क्रमाने होतो आणि तो करणाऱ्याच्या इच्छेवर उभा असतो. यंदा रिकाम्या देवळाच्या पायरीवर बसलेले मूल पुढच्या वर्षी सभामंडपात येईल, कदाचित त्यानंतर स्वतःच्या हाताने घंटाही वाजवील, किंवा यांतले काहीच करणार नाही. तिन्ही शक्यतांमध्ये ते गावाचे आणि देवाचे आहे, हे ज्या समाजाला आधीच मान्य असेल, त्यालाच मुलाने धीर धरावा असे म्हणण्याचा अधिकार पोहोचतो.