किती देश पाहिलेस?

परदेशात शिकायला गेलेल्या लेकराचा फोन आला की आपण ठरावीक प्रश्न विचारतो. जेवलास का? थंडी फार आहे का? अभ्यास कसा चाललाय? आणि मग थोड्या अभिमानाने आणखी एक प्रश्न येतो: आतापर्यंत किती देश पाहिलेस? या शेवटच्या प्रश्नाविषयी आज आपण थोडा विचार करू या.

एका सत्रासाठी युरोपात गेलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारणे साहजिक आहे. 1987 साली तेथे ‘इरॅस्मस’ नावाची विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी 11 देशांतील सुमारे 3,200 विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. पुढे लाखो गेले. 2004 पासून ‘इरॅस्मस मुंडुस’ या शाखेमुळे भारतातील मुलांनाही दार उघडले. शिवाय 1985 साली लक्झेंबर्गमधील शेंगेन गावाजवळ जो करार झाला, तो 1995 साली अंमलात आला आणि त्यात सामील झालेल्या देशांच्या आपसांतील सीमांवरची नेहमीची तपासणी उठली. फ्रान्समध्ये शिकण्यासाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळालेला आपला मुलगा शेंगेनमधल्या इतर देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस फिरू शकतो. मग शुक्रवारी वर्ग सुटला की रात्रीची स्वस्त बस पकडायची, शनिवारी एक शहर, रविवारी दुसरे, सोमवारी पहाटे परत. सत्र संपेपर्यंत दहा देश!

यात वाईट काय आहे? खरे सांगायचे तर, वाईट काही नाही. आईवडिलांनी कर्ज काढून पाठवलेले असते. पुन्हा जाणे होईल की नाही कोणास ठाऊक. जग पाहण्याची ओढ देवानेच माणसाच्या मनात घातली आहे. आपणही यात्रेला जातो तेव्हा थोड्या दिवसांत बरीच तीर्थस्थाने उरकतो, मग मुलांना नावे कशाला ठेवायची? तरीसुद्धा मनात एक प्रश्न उरतो. शेजारचा देश पाहिला म्हणजे शेजारी भेटला, असे होते का?

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर स्ट्रासबुर्ग हे शहर आहे. तेथील विद्यापीठात पुष्कळ परदेशी मुले शिकतात. ऱ्हाईन नदी ओलांडली की पलीकडे जर्मनीतले केल हे छोटे गाव. 2017 पासून ट्रामगाडी नदीवरून थेट केलला जाते. देशांची संख्या मोजणाऱ्याला हा सर्वांत स्वस्त देश! ट्रामचे तिकीट काढले, पलीकडे उतरले, फोटो काढला, झाला जर्मनी.

पण त्याच शहराच्या एका चौकात 1936 साली उभारलेले एक स्मारक आहे. एक आई आपल्या दोन मरणोन्मुख मुलांना सावरून बसली आहे. मुलांच्या अंगावर कोणत्याही सैन्याचा गणवेश नाही. एक फ्रान्ससाठी लढला, दुसरा जर्मनीसाठी, आणि अखेरच्या क्षणी दोघांनी एकमेकांचा हात धरला आहे. स्मारकावर कोणत्याच देशाचे नाव नाही, फक्त ‘आमच्या मृतांना’ एवढेच कोरले आहे. कारण हे शहर 1871 साली जर्मनीकडे गेले, 1918 मध्ये फ्रान्सकडे आले, 1940 मध्ये पुन्हा जर्मनीच्या ताब्यात गेले आणि 1944 मध्ये मुक्त झाले. 1942 नंतर त्या प्रांतातल्या सुमारे 1 लाख तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात भरती केले गेले. आज आपली मुले जी नदी ट्राममध्ये बसून सहज ओलांडतात, ती ओलांडताना पूर्वी माणसे मारली गेली आहेत. ही सोय आपोआप झालेली नाही. कुणीतरी तिची फार मोठी किंमत मोजली आहे. आणि ती कायमची आहे असेही नाही. सप्टेंबर 2024 मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती म्हणून तपासणी पुन्हा सुरू केली.

म्हणून वाटते की अशा प्रवासात आपल्यावर काही ऋण असते. ते पैशाने फिटत नाही, त्यासाठी वेळ द्यावा लागतो. ज्याच्या नावाने ही योजना ओळखली जाते तो इरॅस्मस पाहा. रॉटरडॅमचा हा धर्मगुरू पॅरिस, इंग्लंड, इटली, बाझल असा जन्मभर फिरला. पण तो जेथे गेला तेथे राहिला, काम केले, मैत्री केली. 1509 साली लंडनमध्ये थॉमस मोर यांच्या घरी पाहुणा असताना त्याने ‘मूर्खपणाची स्तुती’ हे आपले गाजलेले पुस्तक लिहिले. तेच मोर पुढे 1935 साली संत म्हणून घोषित झाले. केलला ट्राम ज्या पुलावरून जाते, त्या पुलाला त्याच्या आणखी एका मित्राचे, बेआटुस रेनानुसचे, नाव आहे. इरॅस्मसने किती देश पाहिले हे कोणी मोजत नाही. त्याचे मित्र मात्र आजही आठवतात.

“माझा शेजारी कोण?” हा प्रश्न प्रभूला विचारला गेला तेव्हा त्याने उत्तरादाखल एका प्रवाशाची गोष्ट सांगितली, हे आपण ध्यानात घ्यावे. याजक आणि लेवीसुद्धा त्याच रस्त्याने गेले. त्यांनीही तो जखमी माणूस पाहिला. शोमरोनी मात्र थांबला. तो तर परका होता, आणि त्यालाही पुढे जायचेच होते. दुसऱ्या दिवशी तो गेलाही. म्हणजे शेजारी होण्यासाठी जन्मभर एके ठिकाणी राहावे लागत नाही. पण थांबावे लागते.

तेव्हा आपल्या मुलांना फिरू नका असे आपण सांगणार नाही. दहा देश पाहायचे तर पाहू देत. पण एखादा शनिवार-रविवार त्यांनी ज्या गावात राहतात तेथेच काढावा. घरमालकिणीशी चार शब्द बोलावे, तिच्या आजोबांच्या वेळी काय झाले ते विचारावे. वर्गातल्या एकट्या पडलेल्या मुलाला आपल्या हातचा भात खाऊ घालावा. शेजारच्या देशात गेले तर त्यांच्या भाषेत निदान ‘धन्यवाद’ म्हणायला शिकून जावे.

आणि आपणही आपला प्रश्न थोडा बदलू या. पुढच्या वेळी फोन आला की “किती देश पाहिलेस?” याच्याआधी विचारू या, “कोणाशी ओळख झाली रे?” मुलाने उलट विचारले, “आई, आपल्या आळीत नवीन राहायला आलेल्या त्या कुटुंबाशी तुझी ओळख झाली का?”, तर त्याचे उत्तरही आपल्यापाशी तयार असावे.