शहाणा मूर्ख आणि सत्याची जोखीम

लोककथांतील शहाण्या मूर्खाचे विवेचन करताना त्याची निर्भयता बहुधा गृहीत धरली जाते. सत्तेसमोर जे बोलण्यास कोणी धजत नाही ते तो बोलतो, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु ज्याच्या बोलण्याला शिक्षाच संभवत नाही, त्याच्या सत्यकथनाला नैतिक कृती म्हणता येईल काय?

मराठी वाचकाला मुल्ला म्हणून परिचित असलेल्या नसरुद्दीन होजाच्या कथाचक्रात हा प्रश्न तीव्रतेने उपस्थित होतो. परंपरेनुसार होजा तेराव्या शतकातला. तुर्कस्तानातील अक्शेहिर येथील त्याच्या कबरीवरचे ३८६ हे हिजरी वर्ष उलटे वाचून ६८३, म्हणजे इ. स. १२८४-८५, असे लावले जाते. (मूर्खाचा मृत्युशकही उलटा वाचावा लागावा, यात लोकपरंपरेला औचित्यच वाटले असावे.) अंकाऱ्याची लढाई तैमूरने जिंकली ती १४०२ मध्ये. तरीही अनेक कथांत होजा तैमूरसमोर उभा दिसतो. हा कालविपर्यास निव्वळ अज्ञानातून आलेला नाही. जेत्यासमोर कोणीतरी उभे राहावे, ही लोकमानसाची निकड त्यामागे आहे.

त्यांपैकी एक कथा हमामखान्यातली. गुलाम म्हणून विकायला काढले तर आपली किंमत किती येईल, असे तैमूर विचारतो. होजा क्षुल्लक रक्कम सांगतो. एवढी तर नुसत्या पंच्याचीच किंमत आहे, असे तैमूर म्हणताच होजा उत्तरतो की, आपण पंच्याचीच किंमत केली होती.

तुर्की परंपरेत हाच प्रसंग ‘इस्कंदरनामा’कार अहमदी या कवीविषयीही सांगितला जातो. अहमदी ऐतिहासिक व्यक्ती, तैमूरचा समकालीन. प्रसंग खरोखर घडला की नाही हे येथे गौण आहे. कवीकडून मूर्खाकडे झालेले त्याचे स्थलांतर महत्त्वाचे. कवीचे शब्द हेतुपूर्वक उच्चारलेले असतात. त्यांची जबाबदारी त्याच्यावर पडते. तेच शब्द होजाच्या तोंडी आले की तैमूरला हसून मोकळे होता येते, आणि श्रोत्यालाही. कथा चिरंजीव झाली, पण तिच्यातली जोखीम विरली.

अर्थात हे स्थलांतर उलट दिशेनेही होऊ शकते. जलील मम्मदगुलुजादे यांनी १९०६ मध्ये तिफ्लिस येथे ‘मोल्ला नसरुद्दीन’ या नावाचे अझरबैजानी व्यंग-साप्ताहिक काढले. मुखवटा मूर्खाचा होता, पण त्यामागे नावगाव असलेला संपादक होता. झारशाहीच्या सेन्सॉरने त्या मुखवट्याला अभय दिले नाही.