आपला पोशाख आणि आपला धम्म



नवदीक्षित कुटुंबांत दोन प्रकारची बोलणी कानावर येतात. एकजण म्हणतो, "तथागतांनी राजवस्त्रे टाकून चीवर पांघरले. मग आपण कपड्यालत्त्याचा विचार कशाला करायचा? मन शुद्ध असले म्हणजे झाले." दुसरा म्हणतो, "बाबासाहेब सुटाबुटात राहत. आम्हीही तसेच राहणार, मग कर्ज झाले तरी बेहत्तर." ही बोलणी एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोहोंत एकच उणीव आहे. दोघेही पोशाखाकडे खर्चाच्या अंगाने पाहतात, शीलाच्या अंगाने कोणी पाहत नाही. थोड्या पैशांत नीटनेटके कसे राहावे, हा प्रश्न संसाराचा आहे. नीटनेटके कशासाठी राहावे, हा प्रश्न धम्माचा आहे. दुसऱ्याचे उत्तर हाती आल्याखेरीज पहिल्याचे उत्तर नीट सापडत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपले आजे-पणजे मळके राहत म्हणून अस्पृश्य ठरले, असे सांगणारे आजही भेटतात. दुर्दैवाने आपल्यातलेही काही शिकलेले लोक हे मान्य करतात. खरा प्रकार नेमका उलटा आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असा दंडक घातलेला आहे. म्हणजे मळकेपणा हा त्यांचा स्वभाव नव्हता, ती त्यांना दिलेली शिक्षा होती. हा दंडक पोथीतच राहिला असेही नाही. बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ च्या निबंधात इंदूर संस्थानातील बलाई समाजाची हकिकत दिली आहे. १९२८ साली तेथल्या काही गावांतील सवर्णांनी बलायांना नियम घालून दिले : पुरुषांनी जरीकाठी पगडी बांधू नये, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. बलायांनी हे नाकारताच त्यांना विहिरीचे पाणी बंद झाले आणि त्यांच्या गुरांचे चरणे बंद झाले.

येथे थोडे थांबून विचार करा. चांगल्या काठाचे धोतर नेसले म्हणून पाणी बंद. आणि पाणी नाही म्हणून धोतर मळके. मग पुन्हा त्याच तोंडाने म्हणायचे की हे लोक घाणेरडे आहेत! हे चक्र ज्याला उमगले, तो स्वच्छ कपडा घालताना कोणाचे उपकार मानणार नाही आणि आपल्या पूर्वजांची लाजही धरणार नाही.

पाण्याचा आणि पोशाखाचा हा संबंध बाबासाहेबांनी पुरता ओळखला होता. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच भरलेल्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी त्यांनी आपल्या माता-भगिनींपुढे जे भाषण केले, ते प्रत्येक बौद्ध घरात वाचले गेले पाहिजे. गुडघ्यापर्यंतचे आखूड लुगडे, हातभर चांदी-कथलाचे दागिने, गळ्यातल्या माळा या सगळ्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. लुगडे फाटके असले तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असावे, असेही सांगितले. त्यांच्या शब्दाला मान देऊन तेथल्या तेथे अनेक स्त्रियांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. ध्यानात घ्या, बाबासाहेबांनी बायांना महाग लुगडे घ्यायला सांगितले नाही. आहे तेच लुगडे पायघोळ नेसायला आणि धुवून नेसायला सांगितले. या बदलाला नवा पैसा लागणार नव्हता. लागणार होती ती हिंमत.

आता कोणी विचारील, "बाई, स्वच्छ कपडे घातले म्हणजे लोक आपल्याला मान देतील का?" याचे उत्तर मी प्रामाणिकपणे देते. देतीलच असे नाही. बाबासाहेबांच्याच बालपणीचा प्रसंग पाहा. १९०१ साली ते भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे जोडे असा मुलांचा थाट होता. मसूर स्टेशनवर उतरल्यावर स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणाची मुले वाटली आणि त्यांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांच्या तोंडून 'महार' हा शब्द निघताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवानही गाडी हाकायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि गाडीवान बाजूने पायी चालला. कपडे तेच होते, मुले तीच होती. बदलला तो फक्त एक शब्द.

म्हणून ज्याला वाटते की परीटघडीचे कपडे घातले की जात झाकली जाईल, त्याने मसूरचे स्टेशन आठवावे. जात कपड्याने झाकली जात नाही. आणि झाकली गेलीच, तर मनात चोरी राहते. आपण कोण हे लपवण्यासाठी केलेला पोशाख म्हणजे भीतीचाच पोशाख. बौद्धाने आपले नाव, आपला धम्म आणि आपली वस्ती मोकळेपणाने सांगावी, आणि ती सांगतानाच नीटनेटके असावे.

मग हा नीटनेटकेपणा कोणासाठी? माझ्या मते तो आपल्या स्वतःच्या जागरूकतेसाठी. मज्झिमनिकायात 'वत्थूपम' नावाचे सुत्त आहे. तथागतांनी त्यात वस्त्राचाच दाखला घेतला आहे. मळके कापड रंगाऱ्याने कोणत्याही रंगात बुडवले तरी त्याला रंग चांगला चढत नाही. स्वच्छ कापडाला तो चांगला चढतो. मनाचेही तसेच. लोभ, द्वेष, मत्सर यांनी मळलेल्या मनावर धम्माचा रंग चढत नाही. याच सुत्तात नदीत स्नान करून पाप धुतले जाते असे मानणाऱ्या एका ब्राह्मणाला तथागत समजावतात की नदीचे पाणी दुष्कर्म धुवू शकत नाही. आपण नाशिककरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. रामकुंडात बुडी मारून पाप जाते ही समजूत आपण सोडली. परंतु पाण्याने अंगाचा मळ जातो, हे तर सत्य आहेच! अंधश्रद्धा सोडली म्हणजे अंघोळ सोडली असे होत नाही. पाण्याकडून पाण्याचे काम घ्यावे आणि मनाचे काम शीलाकडून.

तथागतांनी कपड्याबाबत दोन टोके वर्ज्य केली. भिक्खूंनी नग्न राहणे त्यांनी मान्य केले नाही आणि चैनही मान्य केली नाही. चीवर लज्जारक्षणासाठी, थंडी-उन्हापासून आणि डासांपासून रक्षणासाठी, हे त्यांनी ठरवून दिले. उकिरड्यावर आणि स्मशानात टाकलेल्या चिंध्याही धुवून, शिवून, रंगवून भिक्खू वापरत. पण ते शिवणे ओबडधोबड नव्हते. मगधातील भातखाचरांचे बांध पाहून तथागतांनी आनंदांना तशा आखणीचे चीवर करायला सांगितले आणि आनंदांनी ते करून दाखवले. तुकड्यांचे वस्त्र, पण त्याला आखणी आहे. गरिबीत नीटनेटके राहण्याचा याहून चांगला नमुना कोणता?

आनंदांचीच दुसरी गोष्ट विनयपिटकात आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी त्यांना पाचशे वस्त्रे दान केली. राजाने विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना देणार. विरलेल्यांचे काय करणार? त्यांची पांघरुणे करणार. ती जुनी झाली की गादीचे अभ्रे, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके. शेवटी त्याच्या चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवणार. राजाचे समाधान झाले. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्याही याच वाटेने. त्या गोधडीची आज मुलांना लाज वाटते. मुलांना आनंदांची ही गोष्ट सांगा, म्हणजे लाज वाटणार नाही.

आता हिशेबाकडे वळू. त्याचा धडाही आपल्या दारात आहे. रविवारी मुलांना घेऊन आपण त्रिरश्मी लेण्यांवर जातो. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही, ती बौद्ध लेणी आहेत. तेथील १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापणांचा निधी ठेवला. तो कोठे ठेवला? जवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. त्यांपैकी २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने. वर्षाचे व्याज २४०. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि हे सारे निगमसभेत ऐकवून रीतसर नोंदवलेले.

पाहिलेत? कपडा हा विषय कोणाला क्षुल्लक वाटला नाही, आणि त्यासाठी कोणी कर्जही काढले नाही. माणशी किती लागेल ते आधी मोजले, मग तरतूद केली. आपल्या घरातही असेच व्हावे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी शिलकीत. कपडा पहिल्या भागातून यावा. चौथ्या भागातून तो येऊ लागला की घर सावकाराच्या किंवा हप्त्याच्या दारात उभे राहते.

मोलमजुरी करणाऱ्या, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्या घरांना परवडेल असे काय आहे? मी शाळेत शिकवते म्हणून जे रोज पाहते तेवढेच सांगते. शाळेचा गणवेश एकच असला तरी संध्याकाळी घरी आल्याबरोबर मुलाने तो काढून ठेवावा, घरचा कपडा घालावा. रात्री धुतलेला गणवेश ओला असतानाच झटकून, हाताने ताणून वाळत घातला आणि मग घडी करून अंथरुणाखाली ठेवला, तर इस्त्रीची गरज फारशी राहत नाही. पूर्वी आपल्या घरांत तांब्यात निखारे घालून इस्त्री करीत, तीही विनाखर्चाचीच होती. तुटलेले बटण आणि उसवलेली शिवण त्याच दिवशी शिवावी. सुई-दोऱ्याची डबी प्रत्येक घरात असावी आणि ती मुलग्यांनाही चालवता यावी. सदऱ्याची कॉलर विरली तर शिंपी ती उलटून देतो. नखे आठवड्याला कापावीत, केस विंचरावेत, चप्पल तुटली तर शिवून घ्यावी. वर्षाकाठी दोन जोड घ्यायचे असतील तर ते टिकाऊ कापडाचे घ्यावेत. एका सणाला चमकून दुसऱ्या धुण्याला विटणारे कापड स्वस्त म्हणून घेऊ नये. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात जुना कपडा पारखून घेतला, धुवून नीट केला, तर त्यात कमीपणा नाही. आणि गोरे करणाऱ्या मलमांवर एक पैसाही घालवू नये. काळा रंग म्हणजे मळ नव्हे, तो धुवायचा नसतो.

लग्नाविषयी स्पष्टच बोलते. आपल्या जिल्ह्यातले येवले पैठणीसाठी प्रसिद्ध आहे. पण आपल्यासाठी येवल्याचे नाव १३ ऑक्टोबर १९३५ च्या घोषणेमुळे मोठे आहे. हिंदू म्हणून मरणार नाही, हा निर्धार बाबासाहेबांनी तेथे जाहीर केला. त्या येवल्याचा वारसा सांगणाऱ्यांनी उसनवारी करून लग्नात पैठणी मिरवावी, हे शोभत नाही. आपल्या विवाहविधीला शुभ्र साधी वस्त्रे पुरतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून आली. ती काही सावकारी घरांतली नव्हती. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने धुवून अंगावर घातले होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. थोडे शिकलो, थोडे मिळवू लागलो, कपडे चांगले आले, की आपल्यातच एक नवा विटाळ जन्म घेतो. विहारात वंदनेला गटार साफ करणारा भाऊ कामावरून थेट येतो आणि इस्त्रीचे कपडे घातलेला दुसरा भाऊ सरकून बसतो. वीटभट्टीवरून आलेल्या बाईला पुढे बसायला कोणी सांगत नाही. बंधूंनो, हे कपड्याच्या नावाने केलेले मनुस्मृतीचेच काम आहे. ज्या मोजमापाने आपल्याला मोजले, तेच माप आपण हाती घेतले, तर दीक्षा कशाची घेतली?

तथागत एकदा भिक्खूंच्या निवासांतून फिरत असताना एक आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला दिसला. कोणी त्याची सेवा करीत नव्हते. तथागतांनी आनंदांकडून पाणी आणवले. तथागतांनी पाणी घातले, आनंदांनी अंग धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. मग इतर भिक्खूंना समज दिली की तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? घाण पाहून नाक मुरडणे ही काही स्वच्छता नव्हे. घाणीत पडलेल्या माणसाला पाणी देणे, ही धम्माची स्वच्छता.

तेव्हा येत्या पौर्णिमेला विहारात जाल तेव्हा धुतलेला कपडा घालून जा, मुलांची नखे पाहून जा. आणि जो कामाच्या कपड्यांत आला असेल त्याला आपल्या शेजारी जागा द्या. विहारात एक बादली, एक साबण आणि एक स्वच्छ पंचा कायम ठेवावा, असा ठराव प्रत्येक वस्तीने करावा. खर्च थोडा आहे. पण कोणताही भाऊ "माझे कपडे बरे नाहीत" म्हणून वंदनेला यायचा राहणार नाही, हे त्यातून साधेल.

जय भीम!