अंथरूण वाढवावे की पाय आवरावेत?

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. बहुतेक वेळा ती पैशांबद्दल सांगितली जाते. मिळकत पाहून खर्च करावा, एवढाच तिचा अर्थ आपण घेतो. पण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे अंथरूण आपले स्वतःचे आहे. जेव्हा अंथरूण सगळ्यांचे मिळून एकच असते आणि त्यातल्या काहींचे पाय लांब होत जातात, तेव्हा काय करावे?

आज आपल्या शहरांत हा प्रश्न अगदी साध्या रूपात समोर येतो. गाड्या मोठ्या झाल्या, म्हणून पार्किंगच्या जागाही मोठ्या कराव्यात का?

मी चेन्नईत नुंगंबाक्कम भागात राहते. इथे जुने बंगले जाऊन त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तळमजल्यावर खांब, आणि खांबांच्या मधे गाड्या, अशी त्यांची रचना असते. आमच्या इमारतीच्या बैठकीतही हा विषय निघाला आहे. काही कुटुंबांच्या नव्या गाड्या आखलेल्या पट्ट्यांत मावत नाहीत. दुचाकींसाठी ठेवलेली कडेची पट्टी काढावी आणि गाड्यांच्या जागा रुंद कराव्यात, असा तोडगा सुचवला गेला आहे. निर्णय अजून व्हायचा आहे. तोपर्यंत या प्रश्नाकडे साधकाच्या नजरेने कसे पाहावे, याचा विचार मला करावासा वाटला.

मागणी खोटी नाही

आपल्या देशात गाडीसाठी साधारणपणे २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा धरली जाते. १९८३ साली आलेली मारुती ८०० पुढे जी घरोघरी दिसू लागली, तिची रुंदी होती १.४४ मीटर. ती उभी केल्यावर मीटरभर जागा मोकळी राहायची. आजची स्कॉर्पिओ-एन १.९२ मीटर रुंद आहे. अशा दोन गाड्या शेजारी उभ्या राहिल्या तर त्यांच्यामध्ये साठ सेंटिमीटरही उरत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या आजींनी त्या फटीतून बाहेर कसे यायचे?

मोठी गाडी घेणारा प्रत्येक जण दिखाव्यासाठी घेतो, असेही नाही. तीन पिढ्या एकत्र राहणाऱ्या घराला सात आसने लागतात. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत रस्त्यांवर पाणी भरलेले ज्यांनी पाहिले, त्यांना उंच गाडी सुरक्षित वाटते. कोणाच्या मनातला हेतू आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याचा न्यायनिवाडा आपण करू नये.

जागा येते कुठून?

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे जमेची बाजू पाहिली की खर्चाची बाजूही पाहण्याची सवय लागली आहे. समजा, पंचवीस मीटर लांबीची एक रांग आहे. २.५ मीटरच्या हिशेबाने तिथे दहा गाड्या राहतात. प्रत्येक जागा फक्त तीस सेंटिमीटरने रुंद केली, तर आठच राहतात. मग उरलेल्या दोन गाड्या कुठे जातील? रस्त्यावर, म्हणजे बहुधा पदपथाच्या कडेला. तिथून चालणारी माणसे वाहनांमध्ये उतरतील.

किंवा जागा दुचाकींच्या पट्टीतून येईल. त्या पट्टीत घरकामाला येणाऱ्या ताईंची स्कूटर असते, इस्त्रीवाल्या अण्णांची सायकल असते. बैठकीत त्यांना बोलावलेले नसते. ज्यांच्याकडे गाडी आहे तेच बोलतात, तेच मत देतात, आणि ज्यांची जागा जाणार असते ते त्या वेळी वरच्या मजल्यावर भांडी घासत असतात.

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला मिळणारे घर बरीच वर्षे २६९ चौरस फुटांचे होते. आता ते ३०० चौरस फूट आहे. २६९ चौरस फूट म्हणजे २५ चौरस मीटर, म्हणजे बरोबर दोन गाड्यांच्या जागा. माणसाच्या घराचे मोजमाप आपण इतक्या काटकसरीने करतो. मग दिवसाचा बराचसा वेळ नुसत्या उभ्या राहणाऱ्या वस्तूसाठी हात सैल सोडताना थोडे थांबायला हवे.

नुंगंबाक्कममध्ये 'लेक एरिया' नावाची वस्ती आहे. तळे मात्र तिथे नाही. १९७६ साली उभे राहिलेले वळ्ळुवर कोट्टम हे स्मारकही तळ्याच्याच जागेवर आहे. शेजारचे टी. नगर १९२० च्या दशकात तलावाची जमीन घेऊन वसले. लोकांना घरे हवी होती, थोर कवीचे स्मारक हवे होते. ही कारणे चांगलीच होती. पण प्रत्येक वेळी ज्याची हद्द सरकली, त्या पाण्याला बोलता येत नव्हते. आपल्या गरजेसाठी हद्द सरकवताना तिच्या पलीकडे कोण आहे, हे विचारण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी लागते.

मर्यादा शिकवते

"गाड्या मोठ्या होणारच, आपण काय करणार?" असे अनेकदा ऐकू येते. वस्तुस्थिती वेगळी आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या लहान गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. पुढे काय झाले पाहा. स्विफ्ट डिझायर ही गाडी आधी ४.१६ मीटर लांब होती. २०१२ साली तिची मागची बाजू आखूड करण्यात आली आणि ती ३.९९५ मीटरची झाली. आजही ब्रेझासारख्या गाड्या लांबीला चार मीटरच्या आत पाच मिलिमीटरवर येऊन थांबतात. सप्टेंबर २०२५ पासूनच्या वस्तू व सेवा करातही लहान गाडीला १८ टक्के आणि मोठ्या गाडीला ४० टक्के असा फरक आहे, आणि चार मीटरची अट त्यात कायम आहे.

रुंदीवर मात्र अशी अट नव्हती. याच चार मीटरच्या आतल्या गाड्या रुंदीला १.८ मीटरच्या आसपास पोहोचल्या. जिथे रेघ आखली होती तिथे गाडी थांबली, जिथे रेघ नव्हती तिथे पसरली. आपल्या इच्छांचेही असेच असते. जपानमध्ये १९६२ पासून गाडी घेण्याआधी ती ठेवायला जागा आहे हे दाखवावे लागते. तिथल्या सर्वांत लहान वर्गातल्या गाड्या ३.४ मीटर लांब आणि १.४८ मीटर रुंद एवढ्याच असू शकतात, आणि लोक त्या आनंदाने वापरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या नागरिकांनी जड गाड्यांचे पार्किंग शुल्क तिप्पट करण्याच्या बाजूने कौल दिला. मतदानाला फार थोडे लोक आले होते हे खरे, पण जागेचा भार ज्याने वाढवला त्यानेच तो उचलावा, हा विचार तिथे मान्य झाला.

मी सेवा म्हणून लेखांचे मराठी भाषांतर करते. इंग्रजीत 'लिमिट' वेगळे आणि अदबीने वागणे वेगळे. मराठीत दोन्हींना मर्यादा हा एकच शब्द आहे. आपली हद्द ओळखणे आणि दुसऱ्याचा मान राखणे ही आपल्या भाषेने एकच गोष्ट मानली आहे. इथे तमिळमध्येही म्हणतात, 'अळवुक्कु मिंजिनाल अमिर्दमुम नंजु', म्हणजे प्रमाणाबाहेर गेले तर अमृतसुद्धा विष होते.

गरज कशी ओळखावी?

मग जागा कधीच वाढवू नये का? तसे नाही. दिव्यांग व्यक्तींसाठीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत गाडीची जागा ३.६ मीटर रुंद सांगितली आहे, कारण चाकाची खुर्ची गाडीला लावण्यासाठी तेवढी जागा लागतेच. ती देताना कोणीही हात आखडता घेऊ नये. इथे जागा माणसाच्या शरीरासाठी वाढते. गाडी लहान असली तरी ती हवीच. मोठ्या गाडीने मागितलेली जागा मात्र गाडी बदलली की कमी होते. गरज आणि हौस यांतला फरक ओळखायला ही कसोटी मला उपयोगी वाटते.

म्हणून माझे मत असे आहे की आखलेल्या पट्ट्या आहेत तशाच राहाव्यात. एक जागा रुंद करावी आणि ती आजी-आजोबांना व चाकाच्या खुर्चीवरच्या व्यक्तींना चढण्या-उतरण्यासाठी सर्वांची म्हणून ठेवावी. मोठ्या गाड्यांना भिंतीकडेच्या, टोकाच्या जागा द्याव्यात. दुचाकींची पट्टी जशी आहे तशी राहावी, आणि पुढच्या बैठकीला ताई व अण्णा यांनाही बोलवावे.

पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांत अस्तेय आणि अपरिग्रह एकापाठोपाठ येत नाहीत, पण रोजच्या जगण्यात ते हातात हात घालून चालतात. लागते त्यापेक्षा जास्त साठवले की ते कोणाच्या तरी वाट्यातून आलेले असते. ध्यानाला बसताना आपण एक आसन पुरते असे अनुभवतो. आसनावरून उठल्यावरही हा अनुभव टिकतो का, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

या आठवड्यात आपण सर्वांनी एक छोटा अभ्यास करून पाहूया. आपल्या इमारतीत, कार्यालयात किंवा सत्संगाच्या ठिकाणी वाहन लावल्यावर क्षणभर थांबावे आणि मागे वळून पाहावे. आपल्या बाजूने एखादी वृद्ध व्यक्ती, एखादे लहान मूल किंवा सायकल घेऊन चाललेला माणूस सहज जाऊ शकेल का? उत्तर 'नाही' असेल तर गाडी पुन्हा सुरू करून थोडी सरकवावी. जिथे सरकवायलाही जागा नसेल, तिथे पुढची गाडी घेताना किती मोठी घ्यायची याचे उत्तर आपल्याला मिळालेले असेल.